चौथा टायर

(कुपवाडमधलं टायरचं दुकान. दसऱ्याची सकाळ. मामा-भाचे नुकतंच शटर उघडून आत आलेत.)

कृष्णात: झाडू ठेव खाली. आधी हे काय हाय ते सांग.

शिवतेज: रबर दिसतंय मामा. कुठल्या तरी जुन्या टायरचं. पायाबरोबर आलं असंल कुणाच्या.

कृष्णात: जुन्या टायरचं रबर पांढुरकं पडतं. हे काळंभोर हाय. नख लाव जरा. आत काय चमकतंय?

शिवतेज: तार.

कृष्णात: कसली?

शिवतेज: बारीक हाय. पितळी रंगाची.

कृष्णात: टायरच्या कडंच्या आत असती ती. रिमला धरून बसणारी कड. काल पूजा करून मी कुंडलला गेलो तवा ही फरशी पुसलेली हुती. मीच पुसली हुती. आज मशीनपुढं झेंडूच्या पाकळ्यांत हे सापडतंय.

शिवतेज: चहा सांगू का आधी?

कृष्णात: नको. मी गेल्यावर इथं कुणाचं काम केलंस?

शिवतेज: सुभेदारांचं. धोंडिराम सुभेदार, कवठे महांकाळचे. त्यांचंच अर्धं राहिलं हुतं न्हवं.

कृष्णात: अर्धं न्हाई, एक टायर. तीन मी सकाळी मशीनवर चढवले. चौथा घेणार तेवढ्यात पूजेची वेळ झाली. मशीन बंद केलं, हार घातला. सुभेदारांना मी सोता सांगितलं हुतं, आज खंडेनवमी, आता दसऱ्याला संध्याकाळी या.

शिवतेज: तुमी गेला आन ते परत आले. म्हणाले, सकाळीच सातारला निघायचं हाय. धम्मचक्र दिनाचा मोठा कार्यक्रम हाय तिथं, आन त्यांची प्रियदर्शनी पहिल्यांदा स्टेजवर बोलणार हाय. बायको, बहीण, सगळी निघालीत. पुण्याच्या पोरानं, कपिलनं, मुद्दाम त्यासाठी नवी चाकं आन नवे टायर पाठवलेत. गाडी तर इथं जॅकवर. मी काय सांगणार हुतो?

कृष्णात: मशीन चालवलंस?

शिवतेज: न्हाई. हार बघा की. एक फूल हललेलं न्हाई.

कृष्णात: मघापासनं तेच बघतोय. हार जाग्यावर हाय आन टायर चढलाय. कशानं चढला?

शिवतेज: हातानं.

कृष्णात: रनफ्लॅट हातानं चढवलास.

शिवतेज: टॉमी लावून. दोन हातभर पहारी, आन तिसरी ती ट्रकची लांब. मी अंदाधुंद न्हाई केलं मामा. टायर उन्हात ठेवला हुता, चांगला तापू दिला. कडंला भरपूर साबण लावला. रिमला चरा जाऊ नये म्हणून खाली गोणपाट आन टॉमीला सायकलची ट्यूब गुंडाळली. बघा तुमी कवा, रिमवर ओरखडासुद्धा न्हाई.

कृष्णात: रिमवर न्हाई. मग ओरखडा कुठं गेला?

शिवतेज: ह्या पाकळ्या गोळा करतो मामा.

कृष्णात: बोल की. नवी रिम, पोराची भेट, ती चकचकीत राहावी म्हणून ट्यूब गुंडाळलीस. आन टायरच्या कडंला काय गुंडाळलंस?

शिवतेज: सुभेदारच म्हणाले, आपण हातानं करू. मी त्यांना म्हटलं, साहेब, आमच्यात आज मशीन चालवत न्हाईत. तुमच्यात हे मानत न्हाईत, मला ठावं हाय, पण मामांचा नेम हाय. तर ते म्हणाले, मी मानत नसलो तरी तुझा मामा मानतो ना, मग त्या हाराला हात लावायचा नाही. फौजेत आमी बर्फात जीपचे टायर हातानं चढवलेत. बाह्या सारल्या आन सोता टॉमी हातात घेतली.

कृष्णात: भला माणूस.

शिवतेज: लय भला. वरनं मला म्हणतात, तू थकलास तर सांग.

कृष्णात: शिवा, जीपचा टायर पिशवीगत असतो, कुठनं बी वळतो. ह्याची बाजू किती जाड असती तू रोज बघतोस. हवा गेली तरी गाडी त्या बाजूवर उभी ऱ्हावी म्हणून केलेली असती. आन ह्या नव्या रिमला आतनं उंच कंगोरा हाय, हवा नसताना टायर घसरून पडू नये म्हणून. त्या कंगोऱ्यावरनं तसली ताठ कड न्यायची तर मशीनचा हात वरनं सगळीकडं सारखा दाबतो, तवा जाती. तू एका जागी टॉमी घातलीस आन ओढलीस. सगळा जोर त्या चार बोटांच्या तारंवर.

शिवतेज: शेवटचा भाग येत नव्हता. मग सुभेदार टायरवर उभे राहिले, दोन्ही पायांनी. भिंतीला हात लावून. मी ट्रकची टॉमी घातली.

कृष्णात: आन?

शिवतेज: आन गेला.

कृष्णात: आवाज?

शिवतेज: कचकन वाजलं. सुभेदार म्हणाले, बसला बघ. मलाबी तसंच वाटलं.

कृष्णात: तसंच वाटून घेतलंस.

शिवतेज: कड आत गेल्यावर काय दिसतंय मामा? बाहेरनं एकदम ओके हुता. हवा भरली, वरनं पाणी टाकलं, एक बुडबुडा आला न्हाई. बॅलन्सिंग तर होणार नव्हतं, ते मशीनबी हार घालूनच ठेवलेलं. म्हटलं, दसरा झाला की या, करून देतो.

कृष्णात: जुन्यातलं एक चाक लावून पाठवायचं हुतंस. तीन नवी, एक जुनं. एकालाच चीर गेली हुती, बाकीची तीन चालणारी हायत. ती बघ, कोपऱ्यात उभी हायत.

शिवतेज: सुचलं न्हाई.

कृष्णात: न्हाई सुचलं.

शिवतेज: त्यांनाबी न्हाई सुचलं. चारी नवी लावायची म्हणूनच आलते ना ते.

कृष्णात: मला फोन करायचा.

शिवतेज: केलता.

कृष्णात: कवा?

शिवतेज: तुमी कुंडलला पोचला हुता. मागं आरती चाललेली, झांज ऐकू येत हुती. मी म्हटलं, मामा, सुभेदार थांबलेत, एकच टायर राहिलाय. पाच मिनिटं हार बाजूला ठेवू का, चढवतो आन परत घालतो.

कृष्णात: हां. आठवलं.

शिवतेज: तुमी काय म्हणाला?

कृष्णात: आठवलं म्हणतोय ना.

शिवतेज: तुमी म्हणाला, हाराला हात लावायचा न्हाई. सांभाळून घे.

कृष्णात: मला वाटलं उद्यावर ढकलशील.

शिवतेज: मला वाटलं, काहीतरी करून भागव असं म्हणताय. सांभाळून घे म्हटल्यावर आजवर मी काय केलंय दुसरं?

कृष्णात: खंडेनवमीला लेथ चालवला म्हणून माझ्या वडलांचा, आबांचा पंजा गेला. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. सगळं रक्त त्या हाराच्या फुलांवर. त्या दिवसापासनं ह्या घरात कुणी बटण दाबलेलं न्हाई. सणाला रक्त सांडू नये म्हणून नेम हाय हा.

शिवतेज: मला ठावं हाय मामा. म्हणूनच दाबलं न्हाई.

कृष्णात: कुठल्या जागी लावलंय ते चाक? पुढं का मागं?

शिवतेज: तेच सांगता येत न्हाई. चारी तयार झाली तशी भिंतीला लावून ठेवली. दोन मी बसवली, दोन त्यांनी बसवली. खडूची खूण केली न्हाई.

कृष्णात: गाडीत किती माणसं?

शिवतेज: चार. आन डिकीत पुस्तकांचे गठ्ठे. तिथं स्टॉल लावणार हायत. बसवून निघाले तेच मुळी मागनं दबलेली गाडी घेऊन.

कृष्णात: फोन लाव.

शिवतेज: सुभेदारांना? ते चालवताना उचलत न्हाईत. नियमाचा माणूस. पोरीचा नंबर हाय, तिनंच कपिलचे मेसेज पाठवले हुते.

कृष्णात: दे इकडं. वाजतोय... हॅलो, ताई, मी कुपवाडवरनं टायरवाला कृष्णात बोलतोय.

प्रियदर्शनी: बोला काका. आत्ता बाबा तुमचंच नाव काढत होते. गाडी कशी पाण्यासारखी चाललीय म्हणाले.

कृष्णात: कुठपतूर आलाय तुमी?

प्रियदर्शनी: पेठ नाका मागं पडला. कराडकडं निघालोय.

कृष्णात: ताई, गाडीत काचेखाली जे दिवे असतात, त्यात एखादा लागलाय का? पिवळा?

प्रियदर्शनी: हो, टायरच्या खुणेचा. पेठ नाक्यापासून लागलाय. पण ते तुमच्या शिवतेजदादांनी सांगितलंय ना काल. नवी चाकं आहेत, दिवा लागेल, थोडी गाडी चालली की आपोआप जाईल.

कृष्णात: शिवा, असं सांगितलंस तू?

शिवतेज: सेन्सर नवे असले की लागतो मामा. नेहमी सांगतो की आपण.

कृष्णात: ताई, ऐका. तो दिवा आता जायची वाट बघू नका. एका टायरची कड तुटल्याचा संशय हाय मला. कुठला टायर ते ठावं न्हाई. बाबांना सांगा, वेग एकदम कमी करा, डाव्या बाजूनं चला आन पहिला पेट्रोल पंप येईल तिथं आत घ्या.

प्रियदर्शनी: एक मिनिट. बाबा, टायरवाले काका म्हणतायत... बाबा म्हणतात, हे टायर हवा नसतानासुद्धा पळतात. कपिलनं म्हणूनच घेतलेत. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, ते त्यांनी वाचलंय.

कृष्णात: पुस्तकातलं खरं हाय. पण ते आख्ख्या टायरचं. कड शाबूत असंल तर. तार तुटली असंल तर हवा गेल्यावर टायर रिमवरनं सुटंल.

प्रियदर्शनी: काका, जरा हळू बोला. आई आणि आत्या मागं आहेत. फोनमधलं ऐकू जातं त्यांना.

कृष्णात: हळू बोलतो. तुमी बाबांना सांगा.

प्रियदर्शनी: सुटेल म्हणजे काय होईल?

कृष्णात: आधी थांबा ताई. मग सांगतो.

प्रियदर्शनी: वेग कमी केलाय त्यांनी. पंप आला की थांबतो म्हणाले. मी फोन करते तुम्हाला.

कृष्णात: लगेच करा.

शिवतेज: काय म्हणाल्या? दिवा लागलाय?

कृष्णात: पेठ नाक्यापासनं. म्हणजे तवापासनं हवा चाललीया, आन गाडी ताठ उभी. साधा टायर असता तर बसला असता, हिसका दिला असता, लहान पोरगं बी म्हणालं असतं पंक्चर झालं. ह्या टायरचं तेच वाईट. मरतोय ते दाखवत न्हाई.

शिवतेज: कराडला आपल्या ओळखीचे नानासो हायत की. त्यांचं मशीन हाय रनफ्लॅटचं. त्यांना सांगून माणूस पाठवला तर? इथनं आपण पोचायला वेळ जाईल.

कृष्णात: लाव त्यांना. तवर मी चाक काढतो.

शिवतेज: बोललो. म्हणाले, दुकान बंद हाय. मशीनला हार हाय, संध्याकाळी शिलंगण झालं की उतरवणार. माणसंबी गावाकडं गेलीत.

कृष्णात: आन काय म्हणाले?

शिवतेज: जाऊ द्या मामा.

कृष्णात: काय म्हणाले?

शिवतेज: म्हणाले, तवर सांभाळून घ्या कसंतरी.

कृष्णात: जॅक टाक टेम्पोत. पाना टाक. ह्या जुन्या तीनांतलं हे घेऊ, ह्याचा टायर त्यातल्या त्यात बरा हाय. हे बसवलं की सातारला आरामात जातील. त्यांच्या गाडीत स्टेपनीसुद्धा न्हाई. रनफ्लॅट म्हटल्यावर कंपनी देतच न्हाई.

शिवतेज: मशीनचा हार काढू? आज दसराच हाय म्हणा. तिकडनं ते चाक आणलं तर लगेच उघडून बघता यील.

कृष्णात: काल काढायचा हुता. शटर ओढ. तू चालव, फोन माझ्याकडं ऱ्हाऊ दे.

शिवतेज: सांगलीतनं जायचं म्हणजे बाजारात अडकणार. रस्त्यावर झेंडू आन आपटा सांडलाय नुसता.

कृष्णात: बाजूनं घे. हॉर्न नको वाजवत बसू, बैल हायत पुढं.

शिवतेज: मामा, समजा काय झालंच, तर दोष माझा धरणार?

कृष्णात: पुढं बघ.

शिवतेज: मी विचारतोय. टॉमी माझ्या हातात हुती. पण हार तुमचा हुता.

कृष्णात: टायरवर उभे ते ऱ्हायले, टॉमी तू धरली, हार मी घातला. तिघांनी मिळून केलंय. गाडीत बसलेल्या तीन बायांनी काय केलंय ते सांग मला.

शिवतेज: फोन वाजतोय बघा.

कृष्णात: हां, बोला ताई. थांबलाय न्हवं?

प्रियदर्शनी: थांबलोय. कराडच्या अलीकडं पंप आहे, त्याच्या झाडाखाली. बाबांनी चारही चाकं बघितली. वाकून, अगदी हात लावून. म्हणतात, चारही सारखीच दिसतात. एकही बसलेलं नाही.

कृष्णात: ती सारखीच दिसणार. दिसण्यावर जाऊ नका. हाताला काय लागलं ते विचारा. कुठलं गरम हाय?

प्रियदर्शनी: मागचं उजवं जरा जास्त गरम आहे. पण ती उन्हाची बाजू आहे. सकाळपासून ऊन त्याच बाजूला आहे म्हणाले.

कृष्णात: पुढचं उजवंबी उन्हातच हुतं ना ताई? त्याला हात लावायला सांगा.

प्रियदर्शनी: बाबा, पुढचं उजवं बघा... नाही काका. ते एवढं नाही. हे मागचं चटका देतंय.

कृष्णात: मग तेच. आता गाडी जागची हलवू नका. आमी निघालोय, जुनं चाक बरोबर घेतलंय. पंधरा मिनिटांचं काम हाय, चाक बदलून तुमाला लावून देतो. सगळी खाली उतरून सावलीत बसा.

प्रियदर्शनी: आई उतरलीय. आत्या नाही म्हणते, गुडघे दुखतात. बाबा म्हणाले, ठीक आहे, थांबतो. घड्याळ बघतायत सारखं, पण थांबतो म्हणाले.

कृष्णात: तुमचं भाषण कितीला हाय?

प्रियदर्शनी: सुरुवातीलाच आहे. पाहुण्यांच्या आधी. मी कुणाला बोलले नव्हते, पण काल रात्रभर बाबाच माझ्यापेक्षा जास्त पाठ करत होते. त्यांना सगळं येतं आता.

कृष्णात: हुईल भाषण. पाहुणे वेळेवर येतात व्हय कवा.

प्रियदर्शनी: हसले बाबा. मी सांगितलं त्यांना तुम्ही काय म्हणालात ते.

कृष्णात: आमी आष्ट्याच्या रस्त्याला लागतोय. थांबा फक्त.

शिवतेज: थांबले?

कृष्णात: थांबले. मागचं उजवं हाय.

शिवतेज: देव पावला मामा. ते रबर हातात दिलं ना तुमी, तवाच मला कळलं हुतं कसलं हाय ते.

कृष्णात: मग जुन्या टायरचं का म्हणालास?

शिवतेज: ते खरं असतं तर बरं झालं असतं म्हणून.

कृष्णात: ते चाक हातात आलं की तू सोता उघडायचं. मशीनवर. मी बाजूला उभा ऱ्हाणार. आतनं काय झालंय ते डोळ्यांनी बघ एकदा.

शिवतेज: काय झालं असंल?

कृष्णात: हवा कमी असताना गाडी त्या जाड बाजूवर चालती. बाजू सारखी दुमडती, घासती, तापती. आतनं रबर झडायला लागतं. उघडल्यावर रिममध्ये काळा भुगा निघतो, मिरची कांडल्यागत. एकदा भुगा दिसला की तो टायर संपला. वरनं कितीबी नवा दिसू दे. त्यात परत हवा भरायची न्हाई, कुणी कितीबी सांगितलं तरी.

शिवतेज: भरली तर?

कृष्णात: भरली तर दाब येतो. कड आधीच तुटलेली, बाजू आतनं झडलेली. गाडीत चार माणसं आन पुस्तकं. हायवेचा वेग. मग त्याला धरून ठेवायला काय ऱ्हातं?

शिवतेज: तुमी सांगितलंय ना त्यांना हे?

कृष्णात: गाडी हलवू नका म्हणून सांगितलंय.

शिवतेज: हवेचं?

कृष्णात: हवेचं राहिलं.

शिवतेज: पंपावर थांबलेत मामा ते. हवा तिथंच भरतात.

कृष्णात: लाव म्हणजे... न्हाई, मीच लावतो. तू चालव. थांब, तिचाच आला.

प्रियदर्शनी: काका, तुम्ही फार पुढं नाही ना आलात?

कृष्णात: का? काय झालं?

प्रियदर्शनी: काही नाही, चांगलंच झालंय. पंपावरच्या माणसानं हवा तपासली. त्या मागच्या चाकात कमी होती. फारच कमी होती म्हणाला. त्यानं भरून दिली. बाबांनी थोडा वेळ थांबून परत मोजायला लावली, तेवढीच होती. गळत नाही. मग गाडी सुरू केली, जरा पुढं नेली, आणि काका, दिवा गेला.

कृष्णात: आता कुठं हाय तुमी?

प्रियदर्शनी: निघालो. कराडचा पूल येईल आता.

कृष्णात: ताई, फोन बाबांच्या कानाला लावा.

प्रियदर्शनी: चालवताना ते घेत नाहीत हो. तुम्ही सांगा, मी सांगते.

कृष्णात: त्यांना म्हणावं, त्या टायरमधी हवा भरायला नको हुती. तो आतनं झडलाय. आत्ताच्या आत्ता गाडी बाजूला घ्या.

प्रियदर्शनी: बाबा, काका म्हणतायत, हवा भरायला नको होती. टायर आतून खराब असेल, थांबा... ते म्हणतात, दिवा नाही म्हणजे हवा आहे. दोनदा मोजून घेतलीय.

कृष्णात: हवा हाय म्हणूनच सांगतोय मी.

प्रियदर्शनी: काका, रागावू नका. बाबा म्हणाले, सणाचा दिवस आहे, लोकांनी आपल्यासाठी दुकान सोडून हायवेवर का यावं. काल त्या पोरानं हार न हलवता आपलं काम करून दिलं, तेच पुष्कळ झालं. तुम्ही मागं फिरा म्हणाले. येताना संध्याकाळी दुकानात येतो, तेव्हा बघा.

कृष्णात: संध्याकाळी नको. ताई, तुमी ऐका माझं. तुमी सांगा त्यांना, मला मळमळतंय. काईबी सांगा. थांबवा.

प्रियदर्शनी: आई विचारतेय काय झालं. मी नंतर बोलू का? बाबा म्हणतायत फोन ठेव आणि एकदा सगळं भाषण म्हणून दाखव, वेळ मोजतो. पोचल्यावर फोन करते, काका.

शिवतेज: काय झालं? मामा, काय म्हणाली?

कृष्णात: दिवा गेला म्हणाली.

शिवतेज: भरली?

कृष्णात: दोनदा मोजून.

शिवतेज: आन निघाले.

कृष्णात: आपल्याला त्रास नको म्हणून.

शिवतेज: परत लावा फोन. मळमळ म्हणाला ते बरोबर हाय, तेच सांगा. आत्याला द्या म्हणावं, आत्या ऐकतील. लावा.

कृष्णात: लावलाय.

शिवतेज: वाजतोय?

कृष्णात: वाजतोय.

शिवतेज: भाषण म्हणत असंल ती. बाजूला ठेवला असंल.

कृष्णात: असंल.

शिवतेज: अजून वाजतोय?

कृष्णात: अजून वाजतोय. तू रस्त्याकडं बघ.